पटाश्यांची खंडेनवमी

माझ्या दोन्ही हातांवर केस नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंत सगळं साफ. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरलो, की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग एक पाऊल मागे सरकतात. तळमजल्यावरच्या एका सद्‌गृहस्थांनी मला बाजूला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मी त्यांना समजावलं, की हा रोग नाही, ही परीक्षा आहे. पटाशीला धार नीट लागली की नाही हे बघायचं, तर पातं हातावर हलकेच फिरवायचं. केस न ओढता उडाले, तर लागली. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि पत्ता माझ्याकडेच राहू दिला.

पटाशी म्हणजे लाकूड कोरायचं, खाच पाडायचं सुताराचं चपट्या पात्याचं हत्यार. मी मात्र सुतार नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी नोकरीभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू तपासल्या आणि शक्यतो नापास केल्या. रिटायर झालो आणि घरातल्या वस्तू नापास करायला लागलो. आमटीला फोडणी कमी, पडद्याला चुण्या जास्त, टूथब्रश चुकीच्या कोनात ठेवलेला. बायको नोकरीला जाते, म्हणून ती वाचली. दिवसभर घरात माझ्या तावडीत सापडायच्या त्या सासूबाई.

सासूबाई साताऱ्याकडच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून आल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. दर आठवड्याला "जावयाच्या घरी किती दिस ऱ्हायाचं" असं म्हणतात आणि मग रिमोट हातात घेतात. एका दुपारी मी त्यांच्या चहातल्या आल्याबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी पलंगाखालून एक लाकडी पेटी ओढून काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ह्यांची हाय. तुमास्नी लई येळ हाय. घ्या, कायतरी करा."

'हे' म्हणजे माझे कैलासवासी सासरे. तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि लाकूडकामाचा नाद होता, एवढंच मला माहीत. पेटीत पटाश्या होत्या, बोटाएवढ्या अरुंद ते तीन बोटं रुंद, आणि खाली फडक्यात गुंडाळलेला एक धार लावायचा दगड. तो दगड बघून मी थक्क झालो. मधोमध असा खोल झिजला होता, की आडवा धरला तर त्यात आमटी वाढता आली असती. पटाश्यांची पातीही झिजून आखूड झालेली. कारखान्यात माझी नजर तयार झाली होती. झीज बघून यंत्र किती चाललं ते मी सांगायचो. एवढा दगड झिजला म्हणजे या माणसानं केवढं काम केलं असेल! मला डोळ्यांसमोर तालुकाभर सासऱ्यांनी केलेले दरवाजे, कपाटं, देव्हारे दिसायला लागले.

"बाबांनी काय काय बनवलं हो?" मी विचारलं.

"लई पाजवायचे," सासूबाई म्हणाल्या.

पाजवणं म्हणजे धार लावणं. जुनी माणसं स्वतःच्या माणसाचं कौतुक करत नाहीत, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आता माझा स्वभाव असा, की तपासल्याशिवाय मी वस्तू वापरत नाही. पटाश्या तपासल्या. सगळ्या बोथट. त्या झिजलेल्या दगडावर घासल्या, तर कडा गोल झाल्या, कारण दगडच वाकडा. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी सरळ दगड आणायला तुर्भ्याला गेलो. एका बाजूनं खरखरीत आणि दुसऱ्या बाजूनं मऊ असा काळपट दगड मिळाला. त्यावर तेल टाकायचं आणि पातं घासायचं. बाल्कनीत बसून मी घासलं. धार लागली, पण हातावरचे केस उडण्याऐवजी वाकले. बाल्कनीच्या फरशीवर तेलाचा जो डाग पडला, तो आमच्या बिल्डिंगच्या आयुष्याइतका टिकेल असं दिसतंय.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. परदेशातला एक दाढीवाला माणूस चौकडीचा शर्ट घालून दगडांवर बोलायचा. त्याचा आवाज इतका शांत, की बायकोला वाटलं मी ध्यान शिकतोय. तो म्हणाला, तेलाचे दगड आता जुने झाले, पाण्याचे घ्या. मी घेतले. जपानी पद्धतीचे, एक विटकरी रंगाचा, एक पिवळसर. पिवळसर दगड लोण्यासारखा मऊ, त्यावरून पातं गेलं की ओठांवरून साय गेल्यासारखं वाटायचं. फक्त वापरण्याआधी तो पाण्यात भिजत ठेवावा लागतो. मी ओट्यावर मटकीच्या शेजारी पातेल्यात ठेवायचो. बायकोनं एकदा त्याला खरवस समजून सुरी लावली. सुरीचं जे झालं ते झालं, पण दगडाला ओरखडा आला म्हणून मी जेवलो नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. पिवळा दगड रोज थोडा थोडा झिजत चाललाय, तेही चुकीच्या जागी, हे माझ्या लक्षात आलं. मी पट्टी लावून मोजत होतो, तोच सासूबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या. त्यांच्या टाचा चकाकत होत्या. जन्मभर शेताच्या बांधावरून चालून भेगाळलेल्या टाचा, आणि आता बघावं तर लहान मुलाच्या गालासारख्या.

"ह्यो दगूड लई झ्याक हाय बगा," त्या म्हणाल्या. "आमच्या वज्रीपेक्षा चांगला घासतोय."

चिडून काय करणार? सासूच्या टाचेवर ओरडायला कुठला जावई धजेल? मी दुसरा पिवळा दगड मागवला आणि पहिला न्हाणीघराला देऊन टाकला.

त्यानंतर हिऱ्याची पूड बसवलेली पोलादी पट्टी आली. मग कुणीतरी सांगितलं, की दगडबिगड काही नको, काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, काच कधी झिजत नाही. मी फ्रीजमधली काचेची फळी काढली. भाज्या महिनाभर वर्तमानपत्रावर बसल्या. मग कातड्यावर हिरवी पेस्ट लावून शेवटचा हात मारायचा असतो असं कळलं, तेव्हा माझा ऑफिसचा पट्टा त्यात गेला आणि माझी पँट नाडीवर आली. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असं बायको म्हणाली. मी म्हणालो, कोंबडी कुठं आहे अजून? ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

कारण लाकडाला मी अजून हात लावला नव्हता. एक फळी आणून सोफ्यामागे उभी केली होती, पण पटाशीच्या पात्यावर मला अजून एक बारीक रेघ दिसत होती. भिंगातून बघितलं, तर ती दिसायचीच. रेघ असलेली पटाशी लाकडाला लावणं मला पटत नव्हतं. नोकरीभर मी रेघा असलेल्या वस्तू नापास केल्या. आता स्वतःच्या कशा पास करू? रोज सकाळी खरखरीत दगड, मग मऊ दगड, मग आणखी मऊ दगड, मग पट्टा. दुपारपर्यंत हातावरचे केस उडायचे आणि संध्याकाळी भिंगातून नवीन रेघ सापडायची. हात संपले तेव्हा मी पायांवर आलो.

गणपती उठले आणि सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं.

"दसऱ्यापातूर मला एक पाट करून द्या. देवापुढं बसाया. साधा पाट, दोन पाय खाली. न्हाई झाला, तर पेटी भाच्याला दीन."

भाचा म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. नावड्याला राहतो, तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी घरी लाकडाचं काहीबाही करतो. त्यानं स्वतःचा पलंग केलाय. पलंग एका बाजूला किंचित उतरतो, पण तो त्यावर झोपतो. दर दसऱ्याला तो आत्याला सोनं द्यायला आमच्याकडे येतो.

मी हसून विषय सोडला. ती पेटी मला माझी वाटायला लागली होती. सकाळी उठल्यावर हात कुठे घालायचा हे रिटायर झालेल्या माणसाला माहीत नसतं, आणि मला माहीत होतं. ती त्या उतरत्या पलंगवाल्याकडे जाणार या विचारानं मला खरोखर रडू येत होतं. मी ठरवलं, पाट करायचाच. फक्त आधी धार एकदा मनासारखी लागू दे.

नवरात्र बसलं. धार लागत होती, लागत होती आणि खंडेनवमी उजाडली.

खंडेनवमीला आमच्या सासूबाईंचा नियम कडक. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस बसू दे त्यांना. त्यामुळे भाजीही आदल्या संध्याकाळी चिरून ठेवायची. सकाळी हॉलमध्ये चौरंगावर लाल कापड घातलं गेलं आणि त्यावर विळी, किसणी, सुऱ्या, कात्री, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बायकोचा मिटलेला लॅपटॉप आणि मधोमध माझ्या पटाश्या ओळीनं मांडल्या गेल्या. मी त्या आदल्या दिवशी इतक्या घासल्या होत्या, की समईची ज्योत प्रत्येक पात्यात वेगळी दिसत होती. हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला, आरती झाली. मी फार प्रसन्न होतो. दुसऱ्या दिवशी पेटी जाणार होती, पण निदान जाताना ती चमकत जाणार होती.

पूजेनंतर सासूबाई टाचा घासायला न्हाणीघरात गेल्या आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आगं, ह्ये दार उघडंना."

आमच्या न्हाणीघराच्या दाराला गोल मुठीचं कुलूप आहे. मूठ फिरवली की आतली जीभ मागे सरकते आणि दार आत ढकललं जातं. पावसाळ्यात दार फुगलं होतं, त्यात आज मूठ नुसतीच गोल फिरायला लागली. जीभ चौकटीत रुतून बसली. बायकोनं फटीतून जुनं कार्ड सरकवून बघितलं. चौकटीला बाहेरच्या बाजूनं लाकडाचा काठ आहे, तो आडवा आला. मी खांदा लावला. दाराला काही झालं नाही. खांद्याचं अजून चालू आहे.

"स्क्रू ड्रायव्हर आणा ना!" बायको म्हणाली.

"त्याला हात लावायचा न्हाई!" आतून आवाज आला. "पुजेला बसलाय त्यो."

बायकोनं आमच्या नेहमीच्या सुताराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, आज खंडेनवमी. आमी पण औजारं पुजेला लावलीत ना. उद्या येतो की, सोनं घेऊनच येतो."

"अरे, माझी आई आत अडकलीय!"

"पाणी हाय ना आत? मग टेन्शन नाय."

आतून सासूबाई म्हणाल्या, "शाना माणूस हाय. नियम पाळतो." मग त्यांनी बादली उपडी घातल्याचा आणि तिच्यावर बसल्याचा आवाज आला. फायर ब्रिगेडचं नाव काढताच त्यांनी आतून असा दम भरला, की आम्ही दोघं दारापासून लांब झालो. सगळी सोसायटी गोळा होऊन आपल्याला बादलीवर बसलेलं बघणार, त्यापेक्षा उद्यापर्यंत आत राहीन, असं त्यांचं म्हणणं.

बायको त्यांच्याच पोटची. तिनं वाद घातला नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, भरपूर आलं किसायला घेतलं, मग किसणीही पूजेत असल्याचं आठवून ते ठेचलं, आणि उकळता चहा न्हाणीघराच्या दारापाशी आणून ठेवला. दाराखालच्या फटीतून वाफ आत जाऊ लागली. सासूबाईंना चहा वेळेवर लागतो. आधी आतून खोकल्याचा आवाज आला. मग बादली सरकली.

"जावाईबापू," आतून हाक आली. "त्या पटाशा घ्या."

"पण आई, नियम?"

"नियम काय हाय? पुजेच्या दिवशी हत्याराकडनं काम करून घ्यायचं न्हाई. आवं, तुमी त्येच्याकडनं कवा काम करून घेता? रोज हातात घेता तशी आजबी घ्या. त्येला काय काम म्हणत्यात व्हय?"

बायको इतकी हसली, की तिला भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. मला राग आला होता, पण मुद्दा बिनतोड होता. मी चौरंगापाशी गेलो, नमस्कार केला, मनात क्षमा मागितली आणि रुंद पटाशी उचलली. हातोडीसाठी वेगळी परवानगी मागायला मला तोंड नव्हतं, म्हणून बायकोनं खलबत्त्यातला बत्ता आणून दिला.

काम सोपं होतं. चौकटीचा बाहेरचा काठ कुलपाजवळ थोडा कोरून काढायचा, म्हणजे जीभ दिसेल. मग ती आत ढकलायची. मी गुडघ्यावर बसलो, पटाशी लाकडाला टेकवली, आणि पात्यावर खिडकीतला उजेड पडला. रेघ होती. अगदी बारीक, पण होती.

"एक मिनिट," मी म्हणालो. बाल्कनीत गेलो, दगडावर पाणी शिंपडलं आणि घासायला लागलो.

"अहो!" बायकोचा आवाज मी लग्नानंतर कधी तसा ऐकला नव्हता. "माझी आई आत बसलीय आणि तुम्ही धार लावताय?"

"बोथट हत्यारानं अपघात होतो!" मी ओरडलो. हे त्या दाढीवाल्याचं वाक्य होतं. घासत राहिलो. सर्र, सर्र, सर्र. दोनदा उलट, एकदा सुलट. बाल्कनी आणि न्हाणीघराची जाळी एकाच बाजूला उघडते, त्यामुळे आवाज आत स्पष्ट जात असणार. सासूबाईंची बडबड एकदम बंद पडली. ती इतका वेळ बंद राहिली, की मी घाबरलो आणि पटाशी घेऊन दाराशी धावलो.

"आई? बऱ्या आहात ना?"

"ह्यांचाबी आसाच आवाज यायचा," त्या आतून म्हणाल्या. "ऐतवारी सकाळी बसायचे. सांजपातूर."

"आणि मग सोमवारपासून काम करत असतील," मी म्हणालो.

"कसलं काम? सोमवारी कचेरी. पुढल्या ऐतवारी परत पाजवायला बसायचे."

मी आणि बायको एकमेकांकडे बघायला लागलो. "आई, बाबांनी आपला देव्हारा केला होता ना?" बायकोनं विचारलं.

"इकत आनलेला. तुला सांगितलं न्हाई त्यांनी. लाज वाटायची." बादली पुन्हा किरकिरली. "लगीन झालं तवा म्हनले, तुला शिसवी पाट करून देतो. मी म्हनलं, द्या. मग ऱ्हायलंच. धार मनासारखी लागंना म्हनायचे. मरूस्तोवर लागली न्हाई."

मी पटाशी हातात धरून उभा होतो. तालुकाभरचे दरवाजे, कपाटं, देव्हारे माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेले. तो आमटी वाढण्याइतका खोल दगड, ती झिजून आखूड झालेली पाती, आणि त्यातून एक खुंटीसुद्धा झालेली नाही! झीज बघून यंत्राचं आयुष्य सांगणारा मी, आणि मला एवढं कळू नये? मला आधी हसू आलं, मग हसता येईना. माझा नवीन पिवळा दगड मला बाल्कनीत दिसत होता. त्यालाही मधोमध खळगा पडायला सुरुवात झाली होती.

मी खाली बसलो आणि बत्ता घातला.

हे मी कबूल केलं पाहिजे, की तो पहिला घाव मला जन्मभर पुरेल. पातं लाकडात असं गेलं, जसं ते तिथलंच असावं. एक पातळ साल सुटली, गोल वळली आणि माझ्या मांडीवर पडली. बिल्डरनं सागवान म्हणून सांगितलेली चौकट आतून लाल निघाली, म्हणजे सागवान नव्हतीच. एरवी मी तिथेच तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो असतो. त्या दिवशी मी दुसरा घाव घातला. मग तिसरा. सालींचा ढीग होत होता आणि मी तोंडानं काहीतरी गुणगुणत होतो. बायको चहाचा कप धरून बघत होती. "बरं जमतंय की," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या हाताच्या कामाबद्दल हे पहिल्यांदा म्हटलं असावं.

एवढ्यात टण्ण असा आवाज झाला.

कुलपाची जीभ ज्यात शिरते, त्या पत्र्याचा एक स्क्रू चौकटीत होता. पटाशी थेट त्याच्यावर. मी पातं बाहेर काढलं. धारेच्या कोपऱ्यातून तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला होता. आता भिंगाची गरज नव्हती, लिफ्टमधूनही दिसला असता. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती ऐकून सासूबाई आतून ओरडल्या, "आवं, बोट तुटलं का?"

"धार तुटली!"

"मग हाना की आता! आता कशाला भ्याचं?"

खरंच. आता जपायला उरलं काय होतं? मी त्याच तुटक्या पात्यानं उरलेला काठ काढला, जीभ उघडी केली आणि पटाशीचा कोपरा घालून ती आत रेटली. खट्ट झालं आणि दार उघडलं. सासूबाई बादलीवर ताठ बसल्या होत्या, पदर नीटनेटका, टाचा झगमगीत. त्यांनी आधी चहा घेतला. तो पिऊन झाल्यावर चौकटीतला खड्डा बघितला, मग सालींचा ढीग बघितला, मग माझ्या हातातलं पातं घेऊन त्या तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांनी पटाशी पुसली, कुंकू लावलं आणि परत चौरंगावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दसरा. भाचा आला, आपट्याची पानं दिली, आत्याच्या पाया पडला, आणि खाली बसताना त्याची नजर पेटीकडे गेलीच. मी रात्रभर माझी बाजू तयार करून ठेवली होती. मी मांडली. अट अशी होती, की पटाश्यांनी काहीतरी करून दाखवायचं. चौकटीला पडलेली खाच ही सुतारकामात रीतसर वस्तू मानली जाते. शिवाय त्या खाचेतून प्रत्यक्ष सासूबाई बाहेर आल्या आहेत. पाटातून कोण बाहेर येतं?

"भोकाला वस्तू म्हनायचं का?" भाच्यानं विचारलं. त्याचा प्रश्न कुत्सित नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"भोक न्हाई त्ये," सासूबाई म्हणाल्या. "पन पाटबी न्हाई."

त्या उठल्या, पेटी उघडली, पटाश्या बाहेर काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. मग रिकाम्या पेटीत त्यांनी खळगा पडलेला जुना दगड ठेवला. बाल्कनीतून तेलाचा दगड आणला, विटकरी आणला, पिवळा आणला, हिऱ्याची पट्टी आणली. फ्रीजची काच आणली, तेव्हा बायको मधे पडली आणि काच तेवढी फ्रीजमध्ये गेली. माझा पट्टासुद्धा गुंडाळून त्यात बसवला. झाकण लावलं आणि पेटी भाच्यासमोर सरकवली.

"ह्ये घेऊन जा. विळं, खुरपी पाजवायला व्हत्याल. गावाकडंबी दे कुनाला."

भाचा खूश झाला. त्याचा पलंग त्यानं आजवर कसल्या धारेनं केला असेल देव जाणे. मी मात्र पटाश्या छातीशी धरून बसलो होतो. पटाश्या माझ्याच राहिल्या याचा आनंद आणि दगड चालले याचं दुःख एकाच वेळी झालं, आणि चेहऱ्यानं नक्की काय करावं ते मला कळेना.

"आई, पण हिची धार तुटलीय," मी म्हणालो. माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा निघाला. "बाकीच्यांचीही जाईल कधीतरी. मग मी काय करू?"

"चालंल तोवर चालवायची," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, सोफ्यामागे उभ्या असलेल्या फळीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना म्या कवा बोलले न्हाई. वाटायचं, पुढल्या ऐतवारी करत्याल. तुमास्नी बोलतीया."

मी उठलो आणि सोफा पुढे ओढला.